माउंटन बाइकचं हँडल: रुंदी कोणाच्या मापाची?

नवी माउंटन बाइक घेतली की तिचं हँडल बहुधा 760, 780 किंवा 800 मिलिमीटर रुंद असतं. बऱ्याच मॉडेलांत फ्रेम लहान-मोठी मिळते, हँडल मात्र सगळ्यांना एकच. 160 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला 800 मिलिमीटरचं हँडल देणं म्हणजे, उंचीच्या प्रमाणात पाहिलं तर, 190 सेंटिमीटरच्या माणसाच्या हातात 950 मिलिमीटरचं हँडल देणं. तो उंच माणूस अशी सायकल एका फेरीनंतर परत करेल. बुटका मात्र तीच गोष्ट निमूटपणे चालवतो आणि वळणावर सायकल का अडते याचा दोष स्वतःच्या कौशल्याला देतो.

रुंद हँडल हा काही आजचा शोध नाही. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. 1976 साली तिथे ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. उतार इतका कडक होता की मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. नाव त्यावरूनच पडलं. त्या सायकलींची हँडलं चांगली रुंद होती. पुढे क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतारांच्या लांब वाटेवरच्या, शर्यतींचा जोर वाढला, 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा प्रकार दाखल झाला, आणि तोवर हँडलं आक्रसून 560 ते 600 मिलिमीटरवर आली होती. त्यांच्या जोडीला 120 ते 150 मिलिमीटर लांबीचा स्टेम असायचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फॉर्कला हँडल जोडणारा तो आडवा तुकडा. चढावर पुढे ओणवं होऊन पेडल मारायला ही रचना ठीक होती. खडकाळ उतारावर तिच्यावर बसणं हा धाडसाचा भाग होता. सस्पेन्शन सुधारलं, उतार वेगाने उतरणं हाच खेळाचा मोठा भाग झाला, तशी हँडलं पुन्हा रुंदावत गेली.

यामागचं भौतिकशास्त्र शाळेतलंच आहे, तरफेचं. हँडल फिरवायला लागणारा टॉर्क म्हणजे हाताचं बल गुणिले वळण्याच्या अक्षापासून हाताचं अंतर. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या जुन्या ट्रकांची स्टीअरिंग चाकं परातीएवढी असायची ती याचमुळे. आता 600 आणि 800 मिलिमीटरची तुलना करताना बहुतेक जण अर्ध्या-अर्ध्या रुंदीचा हिशेब करतात: 300 आणि 400, म्हणजे तरफ एक तृतीयांशाने वाढली. पण हात काही हँडलच्या अगदी टोकावर नसतो. तळव्याचा मध्य टोकापासून सुमारे 50 मिलिमीटर आत येतो. खरी तरफ म्हणून 250 आणि 350 मिलिमीटर, आणि वाढ तब्बल 40 टक्के. म्हणूनच हँडल दोन-चार सेंटिमीटरने कमी-जास्त केलं तरी हाताला ते लगेच जाणवतं.

एक उदाहरण धरू. पुढचं चाक दगडाला तिरकं आपटलं आणि हँडल वळवू पाहणारा 20 न्यूटन-मीटरचा टॉर्क तयार झाला. दोन्ही हातांनी तो थोपवायचा तर अरुंद हँडलवर प्रत्येक हाताला 40 न्यूटन, म्हणजे साधारण चार किलो वजनाएवढं बल लावावं लागेल. रुंद हँडलवर 29 न्यूटन पुरतात, म्हणजे तीन किलोच्या आत. एका दगडाला हा फरक किरकोळ. शेकडो दगडांचा लांब उतार संपेपर्यंत दंड कशाने भरून येतात, ते यात दिसतं.

आजच्या सायकलींना ही जादा तरफ लागतेही. 1990च्या दशकात पुढच्या फॉर्कचा जमिनीशी कोन 71 अंशांच्या आसपास असे. आजच्या उतारासाठी बनवलेल्या सायकलींत तो 64-65 अंशांपर्यंत खाली आला आहे. फॉर्क असा आडवा पडला की वळण्याचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो, ती जागा टायरच्या टेकण्याच्या जागेपासून आणखी पुढे जाते. वेगात यामुळे चाक आपोआप सरळ राहू पाहतं, सायकल निश्चिंत वाटते. हळू चढताना मात्र तेच चाक एका बाजूला कलंडायला बघतं आणि त्याला धरून ठेवायला हाताला जोर लागतो. त्यात 29 इंचांची मोठी, जड चाकं आली. अशा सायकलीला 580 मिलिमीटरचं हँडल लावून पाहिलं तर ती हट्टी जनावरासारखी वागेल.

इथवर वाचून कोणालाही वाटेल, मग 800च घ्यावं. तरफेचा हिशेब मात्र एकतर्फी नसतो. बल वाचतं, त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. ही किंमत कुठे भरावी लागते, ते नीट पाहण्यासारखं आहे.

वेगात असताना सायकल वळते ती मुख्यतः झुकून. हँडल जेमतेम काही अंश फिरतं; झुकाव सुरू करताना तर क्षणभर उलट्या दिशेला, म्हणजे डावीकडे जायचं असेल तेव्हा डावा हात किंचित पुढे ढकलला जातो. हे आपण नकळत करतो. पाच अंशांच्या वळणाला हात अरुंद हँडलवर 22 मिलिमीटर सरकतो, रुंद हँडलवर 31. हा फरक कोणाच्या गावीही नसतो. म्हणून वेगवान उतारावर रुंद हँडलचा फायदा जवळजवळ फुकटात मिळतो.

आता तीच सायकल डोंगरातल्या चिंचोळ्या पायवाटेवर, केसाच्या पिनेसारख्या वळणावर आणू. वेग चालण्याएवढा आणि हँडल 50 अंश फिरवायचं आहे. स्टेमची लांबी सोडून दिली तर बाहेरचा हात अरुंद हँडलवर 19 सेंटिमीटर पुढे जातो आणि रुंद हँडलवर 27. आतला हात तेवढाच मागे, पोटाकडे येतो. हे 27 सेंटिमीटर आणायचे कुठून? कोपरात वाक शिल्लक असेल तर तिथून. लांब हातांच्या माणसाकडे तो असतो. आखूड हातांच्या माणसाची कोपरं रुंद हँडल धरतानाच अर्धी सरळ झालेली असतात. वळण निम्म्यावर येईपर्यंत बाहेरचा हात पूर्ण ताणला जातो, त्यामागे खांदा ओढला जातो, खांद्यामागे धड. वजन आतल्या बाजूला पडतं आणि पाय खाली टेकतो. हँडल तेवढं फिरू शकत होतं, हात पुरला नाही, एवढंच काय ते घडलं.

माझ्या मते रुंदी ठरवायची खरी जागा हीच आहे. उतारावर कोणतंही रुंद हँडल छान वाटतं. मंद, घट्ट वळणावर बाहेरचं कोपर जरा तरी वाकलेलं राहतं का, यावर तुमची कमाल मर्यादा ठरते.

हातात वाक लागतो तो आणखी एका कारणासाठी. खडबडीत रस्त्यावर फॉर्कनंतरचं सस्पेन्शन म्हणजे तुमची कोपरं. ती ताठ झाली की धक्का थेट खांद्यात आणि मानेत जातो. उलट हँडल फारच अरुंद असेल तर कोपरं बरगड्यांना चिकटतात, छाती खाली नेता येत नाही आणि सायकलला शरीराखाली डावी-उजवीकडे झुकवायला जागा राहत नाही. रुंद हँडलने छाती मोकळी होऊन श्वास जास्त चांगला घेता येतो, असंही सांगतात. मी तरी त्या भरवशावर हँडल निवडणार नाही.

मनगटाची गोष्ट जरा वेगळी आहे. हँडल खांद्यांपेक्षा बरंच रुंद असलं आणि तुम्ही सीटवर बसून हात सरळ ठेवून चढत असलात, तर दोन्ही हात कोपरापुढे बाहेरच्या दिशेने फाकतात. हँडलची टोकं मागे वळलेली असतात ती याच फाकण्याशी जुळवून घ्यायला. बहुतेक हँडलांत हा वळ पाच ते नऊ अंश असतो. तो कमी पडला की मनगट अंगठ्याच्या बाजूला मुडपतं आणि भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर सरकू शकतो. तिथून करंगळी आणि अनामिकेकडे जाणारी अल्नर नावाची नस एका अरुंद फटीतून जाते. ती दाबली गेली की या दोन बोटांना मुंग्या येतात, बधिरता येते. सायकलस्वारांत ही तक्रार इतकी जुनी आहे की डॉक्टरांकडे तिला ‘सायकलिस्ट्स पाल्सी’ असं नावच आहे. गंमत अशी की तेच हँडल उतारावर, उभं राहून, कोपरं बाहेर काढून धरलं की त्रास देत नाही, कारण तेव्हा कोपरापुढचा हात पुन्हा सरळ रेषेत येतो. चढावर बोटं बधिर आणि उतारावर ठणठणीत, असं होत असेल तर ग्रिप बदलण्याआधी रुंदीकडे आणि मागच्या वळाकडे बघावं.

मग आकडा काय? सायकलस्वारांत एक सूत्र फिरतं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले 4.4. म्हणजे 160ला 704, 170ला 748, 180ला 792 मिलिमीटर. सुरुवात म्हणून वाईट नाही, फक्त यात हातांची लांबी उंचीच्या प्रमाणात असते असं गृहीत धरलंय, आणि ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नसतं. दुसरी पद्धत जमिनीवरची. विचार न करता दोन-चार पुशअप मारा, जिथे सहज जोर लागतो तिथे हात थांबवा आणि एका तळव्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत कोणाला तरी मोजायला सांगा. मला ही पद्धत जास्त पटते, कारण ती टेपला नाही, स्नायूंना विचारते. पण पुशअपमध्ये हात फिरवावे लागत नाहीत, हे विसरायचं नाही. क्रॉस-कंट्रीला साधारण 720 ते 760, पायवाटांवरच्या सर्वसाधारण भटकंतीला 760 ते 780 आणि निव्वळ उताराला 780 ते 800 हे नेहमीचे आकडे. ते मध्यम ते उंच बांध्याच्या माणसाला धरून आहेत. आणि तुमच्या नेहमीच्या वाटेवर दोन झाडांमधून जेमतेम सायकल जात असेल, तर बोटांच्या पेरांपुढे सगळी सूत्रं बाजूला ठेवावी लागतात.

स्टेमबद्दलही एक सल्ला ऐकू येतो: रुंदी 20 मिलिमीटर वाढवली की स्टेम 10 मिलिमीटर आखूड करा. हिशेब करून पाहू. खांद्यांमधलं अंतर 400 मिलिमीटर, खांद्यापासून मुठीपर्यंत सरळ हात 600 मिलिमीटर. हँडल 760चं 780 केलं की काटकोन त्रिकोणाच्या नियमाने खांदा हँडलच्या जवळ येतो तो दोन-अडीच मिलिमीटर. 760 आणि 800 यांच्यातही पाचच मिलिमीटरचा फरक पडतो. आखूड स्टेम घ्यायला इतर कारणं चांगली आहेत. आज 35 ते 50 मिलिमीटरचे स्टेम सर्रास दिसतात आणि त्यांनी हात वळण्याच्या अक्षाजवळ येतो. पण हँडल दोन सेंटिमीटर बदललं म्हणून लगेच नवा स्टेम विकत घ्यायची गरज या त्रिकोणात तरी दिसत नाही.

हँडल रुंद वाटलं तर त्याची टोकं कापून ते अरुंद करतात. या कापण्याचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. एका टोकाला पकडलेली नळी दुसऱ्या टोकाला दाबली तर ती लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाकते. नळी सगळीकडे सारखी मानली तर 800चं हँडल 760 केल्यावर त्याचं वाकणं जवळपास सहाव्या हिश्श्याने घटतं. हँडल ताठ झालं म्हणजे बारीक कंप हातापर्यंत जास्त पोचणार. हलक्या वजनाच्या सायकलस्वाराला हे आधी कळतं.

सुदैवाने करवत हातात घेण्याआधी सगळं तपासता येतं. ग्रिपला स्क्रू असेल तर तो ढिला करा, ब्रेकचे लिव्हर आणि गिअरचा शिफ्टर आत सरकवा, मग ग्रिप प्रत्येक बाजूने 10 मिलिमीटर आत घ्या. ग्रिपची बाहेरची टोकं उघडी हवीत, नाहीतर ती सरकणारच नाहीत. नळीची टोकं आता बाहेर डोकावतील, तेव्हा त्यात बुचं बसवा आणि ही चाचणी मोकळ्या, सपाट जागी हळू वेगातच करा. सगळ्यात लहान वर्तुळात दोन्ही दिशांनी फिरून पाहा, एखादा लांबसा चढ चढा, बोटांकडे लक्ष ठेवा. बरं वाटलं तर आणखी पाच मिलिमीटर आत. हँडल नवीन घेणार असाल तर रुंद घेतलेलं बरं. कापता येतं, जोडता येत नाही. किती कापायची मुभा आहे ते कंपनीने दिलेलं असतं, आणि कार्बन फायबरच्या हँडलच्या बाबतीत ती मर्यादा ओलांडायची नाही.

ॲल्युमिनियमला पाइप कटर किंवा हॅकसॉ चालतो, कापल्यावर कड कानसीने घासून घ्यावी. कार्बनला बारीक दातांचं पातं लागतं. कापायच्या जागी भोवती टेप गुंडाळायची, कापताना पाणी शिंपडायचं आणि तोंडावर मास्क हवाच, कारण ती भुकटी फुप्फुसात जाता कामा नये. दोन्ही बाजू सारख्या कापल्या का, हे स्टेमच्या मध्यापासून मोजून बघा. शेवटी बुचं परत लावायला विसरू नका: पडताना पोटात किंवा मांडीत घुसणारी उघडी नळी ही माउंटन बाइकवरच्या वाईट जखमांपैकी एक आहे, आणि ती टाळायला प्लॅस्टिकचा एक तुकडा पुरतो.