चोरीला गेलेली गाडी जंगलात सापडली, तर सुपुर्दगीवर परत कशी मिळवायची (इंदूर)

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याची मोटारसायकल रामबागेतून रात्रीतून गेली. अठराव्या दिवशी ती सिमरोल घाटाखाली सागाच्या रानात आडवी पडलेली सापडली. गुरं चारणाऱ्या पोरांनी पाहिली आणि गावातल्या ओळखीच्या दुकानदारामार्फत आमच्यापर्यंत निरोप आला. नंबरप्लेट काढलेली, बॅटरी गायब, सीट फाडलेली, पण गाडी आपलीच. घरात आनंदीआनंद झाला आणि त्या आनंदात भाचा दोन मित्रांना घेऊन गाडी उचलून आणायला निघालासुद्धा. तेजाजीनगरच्या पुढे गेला असताना मी फोन करून त्याला थांबवलं.

ही माहिती लिहायला बसलो ती त्या फोनमुळे. सुपुर्दगी म्हणजे खटला संपेपर्यंत न्यायालयाच्या अटींवर गाडी मालकाच्या ताब्यात देणं. चोरल, पातालपाणी, मानपूर या बाजूच्या जंगलात टाकून दिलेल्या गाड्या सापडतात, आणि मालक मंडळी नेमकी हीच चूक करतात.

सापडलेली गाडी परस्पर घरी आणू नका

चोरीची एफआयआर झाली की ती गाडी पोलिसांच्या लेखी ‘चोरीचा माल’ असते. तुम्ही ती गुपचूप घरी आणली तरी नोंद तशीच राहते. उद्या चौकात तपासणीत गाडी थांबवली, तर चोरीच्या गाडीवर बसलेले तुम्हीच. शिवाय जप्ती पंचनामा झालेला नसतो, त्यामुळे काय काय काढून नेलं याचा सरकारी कागद राहत नाही आणि विमा कंपनी नुकसानीचा दावा मान्य करायला तयार होत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती गाडी आणखी कुठल्या गुन्ह्यात वापरली गेली असेल, तर तिच्यावरचा पुरावा तुमच्या हातांनी पुसला जातो.

म्हणून गाडीला हात न लावता चारी बाजूंनी फोटो काढा, मोबाइलवर जागेचं लोकेशन जतन करा आणि ११२ वर कळवा. नंतर ज्या थान्यात (पोलीस ठाण्यात) एफआयआर आहे तिथल्या विवेचकाला, म्हणजे तपास अधिकाऱ्याला, फोन करा. जंगलात रेंज नसेल, तर एकाने गाडीपाशी थांबायचं आणि दुसऱ्याने रस्त्यावर यायचं. पोलीस येतील, दोन पंचांसमोर जप्ती पंचनामा करतील. तो तुमच्यासमोर लिहिला जात असेल, तर आरसा, बॅटरी, टूलकिट, डिकीतली कागदपत्रं असं जे जे नाही ते नोंदवून घ्या. चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडून बघा.

गाडी सापडली एका हद्दीत, एफआयआर दुसऱ्या

इंदूर शहरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. सिमरोल, महू, मानपूर ही थानी मात्र ग्रामीण पोलिसांकडे. घाट उतरून बडवाहकडे गेलात, तर जिल्हाच बदलतो, खरगोन लागतो. गाडी जिथे सापडली तिथलं थानं ती संशयित चोरीचा माल म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली जप्त करतं किंवा रोजनामच्यात लावारिस (बेवारस) म्हणून नोंदवतं. मग मूळ थान्याला कळवायचं आणि तिथल्या विवेचकाने ती आपल्या गुन्ह्यात घ्यायची, असा क्रम आहे. या दोन थान्यांच्या मधेच सगळ्यात जास्त दिवस जातात. आमच्याकडे ‘पत्र पाठवलं’ आणि ‘पत्र मिळालं नाही’ यात नऊ दिवस गेले. शेवटी एफआयआरची प्रत आणि जप्ती पंचनाम्याची प्रत आम्हीच हाताने मूळ थान्यात नेऊन दिली आणि पोच घेतली. तुम्हीही पहिल्याच दिवशी हे करा.

लावारिस नोंद झालेल्या गाडीकडे दुर्लक्ष करू नका. मालक माहीत नसेल, तर दंडाधिकारी जाहीर उद्घोषणा काढतात. तेव्हापासून सहा महिन्यांत कुणी हक्क सांगितला नाही, तर गाडी सरकारजमा होऊन विकली जाऊ शकते. याच संहितेच्या कलम ५०३ आणि ५०४ मध्ये ही तरतूद आहे. म्हणून गाडी चोरीला गेल्यावर फक्त आपल्याच थान्यात चौकशी करत बसू नका. आजूबाजूच्या ग्रामीण थान्यांत एफआयआरची प्रत देऊन ठेवा.

एफआयआरच केली नसेल, तर आधी ती करा. मध्य प्रदेशात २०२१ पासून वाहनचोरीसाठी घरबसल्या ई-एफआयआरची सोय आहे. वाहनाची किंमत १५ लाखांपर्यंत, चोर अज्ञात आणि चोरीत मारहाण किंवा बळाचा वापर झालेला नसावा, एवढ्या अटी. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, तो तुमचा हक्क आहे. थान्यात नोंद घेतच नसतील, तर पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात उपायुक्तांकडे लेखी अर्ज द्या. मंगळवारच्या जनसुनवाईत (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे) प्रत्यक्ष भेटून सांगता येतं.

अर्ज कोण करू शकतं

साधारणपणे आरसीवर ज्याचं नाव आहे तोच. मुलगा गाडी चालवत होता आणि आरसी वडिलांच्या नावावर असेल, तर अर्ज वडिलांच्या नावाने. ते पुण्याला किंवा परदेशी असतील, तर नोटरी केलेलं मुखत्यारपत्र लागेल. आरसीवरची व्यक्ती हयात नसेल, तर वारसांनी मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि बाकी वारसांची संमतीपत्रं जोडावीत. आपल्याकडे आजोबांच्या नावावरची स्कूटर नातू वर्षानुवर्षं चालवतो, आणि त्याचा त्रास अशा वेळी कळतो.

जुनी गाडी विकत घेऊन नाव बदललं नसेल, तर जुन्या मालकाचं शपथपत्र आणि विक्रीचा करार घेऊन जावं लागतं, आणि तरीही न्यायालय नोंदणीकृत मालकालाच पुढे यायला सांगू शकतं. कर्ज बाकी असेल, तर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र घ्या.

विम्याचं प्रकरण वेगळं आहे. चोरीचा दावा मंजूर होऊन पैसे खात्यात आले असतील, तर गाडीवरचा हक्क विमा कंपनीकडे गेलेला असतो. अर्जही कंपनीच करते. दावा अजून चालू असेल, तर गाडी सापडल्याचं त्याच दिवशी ईमेलने कळवा. लपवून गाडीही घ्यायची आणि पैसेही, हा गुन्हा आहे. कंपनीला कळवलं की चोरीचा दावा बंद होऊन मोडतोडीचा दावा सुरू होतो, आणि तिथे तुमचा जप्ती पंचनामा कामी येतो.

न्यायालयातला अर्ज

थान्यातून गाडी सहसा थेट मिळत नाही. ज्या दंडाधिकाऱ्यांच्या हद्दीत एफआयआरचं थानं येतं त्यांच्याकडे सुपुर्दगीचा अर्ज करायचा. अर्जाच्या मथळ्यात वकील नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ आणि ५०३ लिहितात. जुनी माणसं अजून ४५१ आणि ४५७ म्हणतात, कारण १ जुलै २०२४ पूर्वी दंड प्रक्रिया संहितेत ती कलमं होती. इंदूर शहरातल्या थान्यांचं काम जिल्हा न्यायालयात चालतं, महूच्या भागातलं तिथल्या तहसील न्यायालयात.

अर्जासोबत आरसी, विमा पॉलिसी, आधार, एफआयआरची आणि जप्ती पंचनाम्याची प्रत, गाडीचे फोटो, आणि ‘ही गाडी माझीच आहे, दुसऱ्या कुणी हक्क सांगितलेला नाही’ असं नोटरीचं शपथपत्र द्यायचं. मूळ कागद बरोबर ठेवा, नक्कल जोडा. आरसी गाडीच्या डिकीतच होती आणि तीही गेली असेल, तर घाबरू नका. आरटीओकडून गाडीच्या नोंदीचा तपशील मिळतो, आणि डिजिलॉकरमधली आरसी मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे.

न्यायालय थान्याकडून प्रतिवेदन (अहवाल) आणि केस डायरी मागवतं. तारीख पुढे जाते ती बहुतेक वेळा याच कारणाने. म्हणून अर्ज लागला की त्याची प्रत विवेचकाला द्या आणि तारखेच्या आदल्या दिवशी आठवण करा. चेसिस नंबर कानसने घासलेला असेल, तर गाडी तपासणीला जाईल आणि वेळ लागेल. अंक ठोकताना खालचा धातू दबलेला असतो, त्यामुळे वरचा थर घासला तरी रसायन लावल्यावर अंक पुन्हा दिसू शकतात. तोवर इंजिन नंबर, शोरूमचं बिल, सर्व्हिसिंगचे कागद यांनी मालकी पटवता येते. जुनी बिलं फेकू नका असं मी आता घरात सगळ्यांना सांगतो.

आदेश झाला की जामीनदार लागतो. इथे जामीनदाराकडे ‘पावती’ मागतात. ही आपली पैसे दिल्याची पावती नव्हे. शेतजमिनीच्या ऋणपुस्तिकेला माळव्यात पावती म्हणतात. शहरात वाढलेल्या मराठी कुटुंबांकडे ती नसते, म्हणून गावाकडची ओळख आधीच शोधून ठेवा किंवा मुदत ठेवीची पावती चालेल का ते वकिलांना विचारा. सुपुर्दनाम्यात, म्हणजे ताबा घेताना लिहून द्यायच्या बंधपत्रात, गाडी विकायची नाही, रंग-रूप बदलायचं नाही, न्यायालय बोलावेल तेव्हा हजर करायची, अशा अटी असतात.

‘खटला संपेपर्यंत गाडी थान्यातच राहील’ असं कुणी सांगितलं, तर ऐकून परत येऊ नका. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की जप्त गाड्या थान्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही, योग्य बंधपत्र घेऊन त्या लगेच सोडाव्यात. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर मुदतच घातली आहे. माल न्यायालयासमोर आल्यापासून १४ दिवसांत त्याचं वर्णनपत्र करायचं, फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचे, आणि त्यानंतर ३० दिवसांत मालाचं काय करायचं ते ठरवायचं. खटल्यात पुरावा म्हणून ते फोटो चालतात. तुमच्या अर्जात या दोन्ही गोष्टींचा उल्लेख हवाच. अर्ज फेटाळला, तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण करता येतं.

एक प्रकार मात्र खरोखर अवघड आहे. चोरांनी गाडीवरून सागाचं लाकूड नेलं आणि वनविभागाने ती पकडली, तर भारतीय वन अधिनियमाच्या कलम ५२ खाली, मध्य प्रदेशातल्या दुरुस्तीनुसार, वनविभागाचा प्राधिकृत अधिकारी गाडी राजसात (सरकारजमा) करू शकतो. त्याने दंडाधिकाऱ्यांना तसं कळवलं की न्यायालयाला सुपुर्दगी देता येत नाही. ५० बल्क लिटरपेक्षा जास्त अवैध दारू सापडली, तर असाच अधिकार कलेक्टरांकडे जातो. तेव्हा उत्तर त्या अधिकाऱ्यापुढेच द्यावं लागतं. गाडी आपल्या नकळत वापरली गेली, हे सिद्ध करायला चोरीच्या दिवशीच केलेल्या एफआयआरसारखा पुरावा दुसरा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी केलेली एफआयआर तिथे संशयाने वाचली जाते.

ताबा घेताना आणि नंतर

आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन थान्यात जा, मालखान्याच्या (जप्त माल ठेवतात त्या खोलीच्या) मुंशीला भेटा. गाडी पंचनाम्याशी ताडून बघा. पंचनाम्यात असलेला एखादा भाग आता नसेल, तर सही करण्याआधी ताबापावतीवर तसं लिहा. गाडी चालवत आणू नका, लोडिंग रिक्षात घाला. तिला नंबरप्लेट नसते, बरेचदा विमा संपलेला असतो आणि ब्रेकचा भरवसा नसतो.

मग नायता मुंडल्याच्या आरटीओत जाऊन वाहन पोर्टलवरची चोरीची खूण काढून घ्या. त्यासाठी न्यायालयाचा आदेश आणि थान्याचं पत्र लागतं. आरसी हरवली असेल, तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. हाय सिक्युरिटी प्लेट पुन्हा मागवताना एफआयआरची प्रत जोडा. चोरीच्या काळातले ई-चलान आले असतील, तर तारखा दाखवून वाहतूक पोलिसांकडे लेखी हरकत नोंदवा.

भाच्याची गाडी सापडल्यापासून त्रेचाळिसाव्या दिवशी घरी आली. सुपुर्दनाम्याची प्रत, आदेश आणि पंचनामा अशी फाइल आम्ही देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवली आहे, कारण खटला अजून चालू आहे आणि गाडी आजही न्यायालयाच्या अटींवर आमच्याकडे आहे. घर बदललं, तर नवा पत्ता न्यायालयाला कळवायचा, हे भाच्याच्या आईने त्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.