कुलूप लागलेलं घरही मोजायचं असतं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं पथक गावात येतं तेव्हा कुठल्या घरी जायचं हे आधीच ठरलेलं असतं. वस्तीतल्या घरांना क्रमांक देऊन, नकाशा काढून, त्यांतली २२ घरं कुणाच्याही मर्जीविना निवडलेली असतात. त्यातल्या एखाद्या घराला कुलूप असलं, तर शेजारचं उघडं दार ठोठावायचं नाही. संध्याकाळी परत यायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी. कारण दिवसा कुलूप दिसतं ते पुष्कळदा मजुरीला गेलेल्यांच्या घराला. त्यांच्या जागी शेजाऱ्यांना मोजलं, तर ज्यांची सर्वांत जास्त काळजी करायला हवी तीच माणसं आकड्यांतून निसटतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत निवडलेल्या आणि वस्ती असलेल्या घरांपैकी सुमारे ९८ टक्के घरांची माहिती मिळाली. या सबंध खटाटोपातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही पुन्हा पुन्हा मारलेली खेप.

अंगणवाडीत मुलांची वजनं दरमहा होतातच, मग वेगळं सर्वेक्षण कशाला? अंगणवाडीची नोंद त्या मुलाच्या उपचारासाठी असते, आणि तिथे ती हवीच. पण तिच्यात येतं ते अंगणवाडीपर्यंत पोहोचलेलं मूल. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं मूल गावच्या वजनकाट्यावर चढतच नाही.

मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून हे सर्वेक्षण करते आहे. पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ घरं होती, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९००. लाखो लोकांच्या जिल्ह्याला ९०० घरं पुरतात कशी? अंदाज किती अचूक येतो हे मुख्यतः नमुन्याच्या आकारावर ठरतं, जिल्ह्याच्या लोकसंख्येवर जवळजवळ नाहीच. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं किती मोठं हे कोण पाहतं? मात्र शितं सगळीकडून उचललेली हवीत. म्हणून एकाच गावातली ९०० घरं घेत नाहीत. एका आळीतली माणसं एकाच विहिरीचं पाणी पितात, बहुधा एकसारखंच खातात. तिथलं पन्नासावं घर नवीन फारसं काही सांगत नाही.

खरी कसोटी लागते ती मूल मोजताना. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर आडवं निजवून मोजतात, मोठ्याला उभं करून. आडवं माप उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त भरतं. मूल रडत असतं, पाय झाडत असतं. त्यात वयाचा घोळ. ८२ सेंमी उंचीचा मुलगा २४ महिन्यांचा असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार तो खुजा, म्हणजे वयाच्या मानाने ठरवलेल्या रेषेपेक्षा कमी उंचीचा, नाही. तोच २६ महिन्यांचा असेल, तर खुजा. जन्मतारीख कागदावर नसली की आईला विचारत बसावं लागतं : पोळ्याच्या आधी झाला की नंतर? दिवाळीत केवढा होता? हा प्रश्न नीट विचारला नाही, तर एक मूल चुकीच्या रकान्यात जातं.

देशात पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३८.४ टक्के होतं, ते पुढच्या फेरीत ३५.५ वर आलं. महाराष्ट्रात ते ३४.४ वरून ३५.२ झालं. याला वाढ म्हणू नये; एवढा फरक नमुन्याच्या अंदाजातच पडू शकतो. ते थांबलं आहे, असं म्हणावं. आणि महाराष्ट्रातली मोजणी कोविडची साथ येण्याआधीच झाली होती, तेव्हा त्या साथीकडेही बोट दाखवता येत नाही. सुदृढ मुलांच्या समूहात या रेषेखाली शंभरात दोन-तीन मुलं असतात. आपल्याकडे पस्तीस आहेत.

रक्ताचा आकडा याहून नाजूक. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय देशात ५३.१ टक्क्यांवरून ५७ वर गेला, मुलांमधला तर ६७.१ टक्क्यांवर. हे रक्त बोटाला टोचून घेतलेलं. पहिला थेंब पुसायचा, बोट दाबायचं नाही. दाबलं तर पेशींबाहेरचं पाणी थेंबात मिसळून हिमोग्लोबिन कमी दिसू शकतं. २०१६-१८ च्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४०.५ टक्के निघाला. वयोगट आणि वर्षं तंतोतंत एक नाहीत, तरीही दरी मोठी आहे. मला वाटतं, रक्तक्षय खोटा ठरवायला हा फरक पुढे करणं चूक आहे. चाळीस टक्के म्हणजेसुद्धा दर पाचांतली दोन मुलं.

पुढच्या, सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणी वगळण्यात आली आणि शिरेतून रक्त घेण्याचं काम आहार व जैवचिन्हांच्या (रक्तातल्या घटकांसारख्या शरीरातल्या खुणांच्या) वेगळ्या सर्वेक्षणाकडे गेलं. ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे आहे. याच संस्थेच्या छत्राखाली १९७२ पासून पोषण निरीक्षण विभागाची माणसं घरोघरी जाऊन आदल्या दिवशी कोणी काय नि किती खाल्लं ते विचारत. त्यासाठी घरातल्या वाट्यांची मापं घेत. तो विभाग २०१५ मध्ये बंद झाला. घरात धान्य किती आलं हे खर्चाच्या पाहणीतून कळतं, पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात डाळ किती उरली हे त्या वाट्याच सांगत होत्या.