बत्तीस पाइप, पाच खेपा

प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, "सर, गणित अन् कम्प्युटर शिकून पोरीले काय येते?" मी त्यांना यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वावरातली गोष्ट सांगतो.

हरभऱ्याला तुषारनं पाणी द्यायचं होतं. विहिरीपासून वीस फुटी ३२ पाइप जोडलेले, मोटर चालू, पण टोकाला थेंब नाही. बाप विहिरीकडून एकेक पाइप सोडून पाहायला निघाला. पोरगी आमच्याकडे बी.एस्सी.ला. ती म्हणाली, "बाबा, मधातला सोडा. सोळावा."

सोळाव्याला पाणी आलं, म्हणजे पहिले सोळा साफ. चोविसावा कोरडा. विसाव्याला पाणी, बाविसाव्याला नाही, एकविसाव्याला आहे. बाविसाव्या पाइपात उंदराचं घरटं निघालं. दर खेपेला मोटर बंद करा, क्लिप सोडा, पुन्हा चालू करा. त्यात लाइन कधी जाईल नेम नाही. ओळीनं गेले असते तर बावीस खेपा झाल्या असत्या.

दर खेपेला मधला पाहून निम्मा भाग वगळायच्या या युक्तीला संगणकशास्त्रात बायनरी सर्च म्हणतात. क्रमानं लावलेल्या हजार नावांत हवं ते नाव शोधायला फार तर दहा वेळा पाहावं लागतं, दहा लाखांत वीस वेळा.

ही युक्ती पाठही करता येते. मला खरा आनंद झाला तो तिच्या पुढच्या प्रश्नानं: "सर, दोन पाइप तुंबले असते तर?" उत्तर तिनंच वहीत काढलं. एखाद्या पाइपापर्यंत पाणी येतं ते आधीचे सगळे साफ असतील तरच. म्हणून कितीही तुंबले असोत, हा शोध विहिरीकडून पहिला तुंबलेलाच दाखवणार. तो साफ करा, पुन्हा शोधा. युक्ती कोणत्या अटीवर चालते हे विचारायची सवय गणितानं लागते, आणि ती आयुष्यभर पुरते.

संगणकाची शिस्त आणखी वेगळी. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या संग्रहात, याच शोधात सुमारे नऊ वर्षं एक चूक दडून होती. २००६ मध्ये ती जगापुढे आली. मधला क्रमांक काढायला दोन्ही टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून निम्मी करायची, कागदावर अगदी बिनचूक. पण संगणक आकड्याला ठरावीक जागा देतो; ३२ बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांच्या, पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढचा आकडा मावत नाही. बेरीज त्यापलीकडे गेली की उत्तर उणे येतं. उपाय साधा आहे: दोन टोकांमधल्या अंतराचं निम्मं करून ते खालच्या टोकात मिळवायचं.

प्रात्यक्षिकाला हा उपाय मी आधी सांगत नाही. छोट्या यादीवर प्रोग्राम नीट चालतो, पोरं खूश होतात. मग म्हणतो, आता तो मोडून दाखवा. आकडे वाढवता वाढवता उत्तर उणे येतं, आणि पोरं आपलीच प्रत्येक ओळ पुन्हा तपासायला बसतात.