क्लबचं मैदान आणि मालकाचं मैदान

इंग्लंडमधला एखादा फुटबॉल क्लब अडचणीत आला किंवा विकायला निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मैदान तर आपलंच आहे, त्याची काळजी नको.’ आपलं म्हणजे कुणाचं, असं विचारलं की उत्तर येतं, ‘क्लबचं. म्हणजे मालकाचं. एकच की.’ एकच नाही! हे ‘एकच की’ मी इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

क्लबची मालकी म्हणजे काय, हे तुम्हाला पाठ आहे. क्लब ही कंपनी, आणि तिचे बहुतांश शेअर ज्याच्याकडे तो मालक. 2003 मध्ये चेल्सी अब्रामोविचकडे गेला, 2005 मध्ये मँचेस्टर युनायटेड ग्लेझर कुटुंबाकडे, 2008 मध्ये मँचेस्टर सिटी अबू धाबीकडे. हे सगळं आपण चवीनं वाचतो, त्यामुळे पुढे जातो.

मैदानाच्या बाबतीतले दोन किरकोळ गैरसमजही लगेच निकालात काढतो. एक, मैदानावरची पाटी. आर्सेनलचं एमिरेट्स स्टेडियम विमान कंपनीच्या मालकीचं नाही, तिनं नावापुरते पैसे दिलेत. दोन, उघड भाडेकरू. वेस्ट हॅम 2016 पासून लंडन स्टेडियममध्ये 99 वर्षांच्या करारानं भाड्यानं राहतो, मँचेस्टर सिटीचं मैदान शहराच्या कौन्सिलचं आहे. अ‍ॅथलेटिक्ससाठी बांधलेल्या मैदानात फुटबॉल बघणं मला मुळीच आवडत नाही, प्रेक्षक हिरवळीपासून फार लांब पडतो. पण तिथे निदान फसगत नाही. घरमालक कोण आणि भाडेकरू कोण, हे सगळ्यांना माहीत असतं.

खरा घोळ तिसरीकडे आहे. मैदान ‘क्लबच्या’ नावावर असणं आणि ‘क्लबच्या मालकाच्या दुसऱ्या कंपनीच्या’ नावावर असणं, या दोन गोष्टी बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. तीच खुर्ची, तेच प्रवेशद्वार, तीच गाणी. कागद तेवढे बदललेले असतात, आणि दोन्ही कागदांवर सही करणारा माणूसही बहुधा एकच असतो. म्हणून लोकांना वाटतं, या खिशातलं त्या खिशात गेलं, काय बिघडलं?

बिघडतं ते असं. क्लबची कंपनी आणि मालकाची दुसरी कंपनी कायद्याच्या दृष्टीनं दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पहिलीची जमीन दुसरीकडे गेली की पहिली भाडेकरू झाली. उद्या क्लब बुडाला तर ती जमीन क्लबची मालमत्ता म्हणून धरली जात नाही. उद्या मालकानं क्लब विकला तर मैदान त्याच्यासोबत आपोआप जात नाही, त्याचा वेगळा सौदा करावा लागतो. आणि मालकानं त्या जमिनीवर कर्ज काढलं तर ते फेडायची जबाबदारी त्याची असली तरी गहाण पडलेलं असतं तुमचं मैदान.

डर्बी काउंटीचं उदाहरण बघा. 2018 मध्ये तेव्हाचे मालक मेल मॉरिस यांच्याच एका कंपनीनं क्लबकडून प्राइड पार्क 8 कोटी 11 लाख पौंडांना घेतलं. क्लबच्या वहीत त्याची किंमत याच्या निम्म्याच्या आसपास होती, त्यामुळे सुमारे 4 कोटी पौंडांचा नफा कागदावर उमटला आणि एरवी तोट्यात गेलं असतं ते वर्ष नफ्यात दिसलं. हे कशासाठी? डर्बी ज्या चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या श्रेणीत, खेळत होता तिथे तीन वर्षांत जास्तीत जास्त 3 कोटी 90 लाख पौंड तोट्याची मुभा होती, आणि खेळाडूंच्या पगारांमुळे ती रेषा जवळ आली होती. ती श्रेणी चालवणाऱ्या इंग्लिश फुटबॉल लीगनं त्या किमतीवर आक्षेप घेतला, पण मैदानाबद्दलचा आरोप टिकला नाही. अनेक चाहत्यांना तेव्हा हे हुशारीचं वाटलं. मालक आपला, मैदान मालकाचं, म्हणजे आपलंच!

सप्टेंबर 2021 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला, म्हणजे कारभार बाहेरून नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेला. आधी 12 गुण कापले, मग हिशेबांतल्या गैरप्रकारांसाठी आणखी 9. वेन रूनीच्या हाताखाली ती पोरं जीव तोडून खेळली, तरी 2022 मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेलाच. पण माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मैदानाबाहेर घडत होती. क्लब घ्यायला येणाऱ्याला दोन दारं ठोठवावी लागत होती. क्लबसाठी प्रशासक, मैदानासाठी मॉरिस. वर मैदानावर कर्जाचा बोजा. एक अमेरिकी खरेदीदार महिनोन्महिने घोळवून शेवटी मागे फिरला. अखेर स्थानिक व्यावसायिक डेव्हिड क्लाउझ यांनी आधी मैदान घेतलं आणि मग, 1 जुलै 2022 रोजी, क्लब. हा क्रम लक्षात ठेवा. मैदान खरोखर क्लबचं असतं तर हे दोन सौदे झालेच नसते, एकच झाला असता.

शेफील्ड वेन्सडेचं हेच. हिल्सबरो हे त्यांचं घर 1899 पासूनचं. मालक डेजफोन चान्सिरी यांच्या दुसऱ्या कंपनीला ते सुमारे 6 कोटी पौंडांना विकलं, आणि तो नफा ज्या वर्षाच्या हिशेबात धरला त्यावरून 2020 मध्ये 12 गुणांची शिक्षा झाली, अपिलात ती 6 वर आली. ऑक्टोबर 2025 मध्ये क्लब प्रशासनात गेला तेव्हा मैदानाची कंपनीही सोबत प्रशासनात गेली. खरेदीदाराच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं, दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर आल्या. पण तसं व्हायला क्लबच्या आणि मैदानाच्या अशा दोन्ही कंपन्या बुडाव्या लागल्या.

‘पण त्या पैशात खेळाडू आले ना?’ हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खुपतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हावी तसा हा प्रकार आहे. खेळाडूशी करार असतो तीन-चार-पाच वर्षांचा. तो संपला की माणूस मोकळा, आणि मोकळा असावाच, त्याबद्दल मला कोणताच राग नाही. नऊ नंबरचा शर्ट पुढच्या मोसमात दुसरा कुणीतरी घालतो. पण शंभर वर्षांची जागा चार वर्षांच्या कराराच्या बदल्यात देणं हा व्यवहारच मुळात विजोड आहे. इंग्लिश फुटबॉल लीगनं नंतर अशा विक्रीचा नफा तोट्याच्या मर्यादेत मोजणं बंद केलं, ते योग्यच झालं. प्रीमियर लीगनं ते आधीच करायला हवं होतं.

जागा गेली की काय होतं, ते ब्राइटनला विचारा. त्यांचं गोल्डस्टोन मैदान 1995 मध्ये विकलं गेलं, दुसरं मैदान ठरलेलं नसताना. शेवटचा सामना 26 एप्रिल 1997 रोजी डॉनकास्टरशी झाला, स्टुअर्ट स्टोररच्या गोलनं 1-0 जिंकले. शिट्टी वाजल्यावर लोक आत उतरले आणि हातानं हिरवळीचे तुकडे उपटून घरी घेऊन गेले. जिंकलेल्या सामन्यानंतर! मग दोन मोसम घरचे सामने सुमारे 70 मैलांवरच्या गिलिंगहॅममध्ये, त्यानंतर 2011 पर्यंत विथडीनच्या अ‍ॅथलेटिक्स मैदानात. या काळात किती खेळाडू आले-गेले ते चाहत्यांनाही मोजता येणार नाही. मैदान मात्र चौदा वर्षांनी मिळालं.

इथे कुणीतरी जर्मनीचा दाखला देतोच. तिथे 50+1 चा, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं सदस्यांकडेच ठेवण्याचा नियम आहे, क्लब सदस्यांच्या हातात आहे, म्हणजे मैदानही सुरक्षित. हाही तोच घोळ, फक्त दुसऱ्या बाजूनं. 50+1 मतांबद्दल बोलतो, जमिनीबद्दल नाही. बोरुसिया डॉर्टमुंडनं या नियमाखाली राहूनच 2002 मध्ये वेस्टफालेन स्टेडियम एका गुंतवणूक फंडाला विकलं. 2005 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला, तेव्हा त्याचं भवितव्य त्या फंडाच्या गुंतवणूकदारांच्या मतदानावर लटकलं होतं. त्यांनी साथ दिली आणि 2006 मध्ये मैदान परत घेता आलं. क्लब सदस्यांचा होता, पण त्या दिवशी मतं दुसऱ्यांची होती.

मला पटणारी रचना एकच, आणि ती चेल्सीत सापडते, हे अनेकांना पटत नाही. स्टॅमफर्ड ब्रिजची जमीन अब्रामोविचची कधीच नव्हती, आजच्या मालकांचीही नाही. बिल्डरांच्या तावडीतून मैदान वाचवण्याच्या लढाईनंतर चेल्सी पिच ओनर्स नावाची कंपनी निघाली, चाहत्यांनी तिचे शेअर घेतले आणि 1997 पासून जमीन तिच्या नावावर आहे. क्लब तिचा भाडेकरू. तिथून उठून गेला तर चेल्सी हे नावही मागे ठेवावं लागेल, ही अट आहे. 2011 मध्ये क्लबनं ती जमीन परत मागितली. मंजुरीला 75 टक्के मतं हवी होती, पडली 61.6 टक्के. इतका पैसा ओतणाऱ्या मालकाला त्याच्याच चाहत्यांनी नाही म्हटलं. त्यातल्या कित्येकांना तो मनापासून आवडत होता, तरीही.

म्हणजे भाडेकरू असणं वाईटच असतं असं नाही. मी तर पुढे जाऊन म्हणेन की माझ्या क्लबचं मैदान मालकाच्या दुसऱ्या कंपनीपेक्षा कौन्सिलकडे असलेलं मला चालेल, आणि चाहत्यांच्या कंपनीकडे असेल तर फारच उत्तम.

आपल्या क्लबचं काय आहे, हे बघायला फार वेळ लागत नाही. इंग्लिश क्लबांचे वार्षिक हिशेब कंपनीज हाउसवर, म्हणजे तिथल्या सरकारी कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर, फुकट वाचता येतात. ताळेबंदात स्थावर मालमत्तेची रक्कम एका वर्षात अचानक खाली आली असेल, तर थेट शेवटच्या पानांवरच्या टिपांकडे जा. ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ या मथळ्याखाली खरेदीदार कंपनीचं नाव असतं. त्या नावावर क्लिक करून संचालक कोण आहेत ते पाहा, आणि ‘चार्जेस’ या टॅबवर जाऊन मैदान कुणाकडे गहाण आहे का, तेही तपासा.