फोनमधली न निघणारी कुळं

आत्याने दसऱ्याला नवा फोन घेतला आणि दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा चकलीच्या ताटलीबरोबर तो माझ्या हातात ठेवला. ‘बघ रे, मी यात काही टाकलं नाही, तरी जागा भरली म्हणतोय.’ खरं सांगायचं तर बरीचशी जागा नातेवाइकांच्या ‘शुभ सकाळ’नेच खाल्ली होती. पण आत्याचंही चूक नव्हतं. फोनमध्ये दोन ब्राउझर, दोन अ‍ॅप स्टोअर, एक कर्ज देणारं अ‍ॅप, एक गेमची पेटी आणि छोटे व्हिडिओ दाखवणारं काहीतरी होतं, आणि यातलं एकही तिने घेतलेलं नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन एकेकावर टिचकी मारत गेलो. काही मुकाट्याने निघाली. काहींच्या पानावर ‘अनइंस्टॉल’ हा शब्दच नव्हता, नुसतंच ‘बंद करा’. आणि दोघांच्या पानावर तेही राखाडी, दाबलं तरी न दबणारं.

‘फोन माझा ना? मग हे कोणाचे पाहुणे?’ आत्याने विचारलं.

पाहुणे म्हणणं बरोबर नाही, कारण पाहुणे कधीतरी जातात. ही कुळं आहेत, आणि तीही उलटी. घर तुमचं, कूळ बिल्डरने आधीच बसवून दिलेलं, आणि भाडं परस्पर बिल्डरच घेतो. आपल्याकडच्या कूळ कायद्यातलं कूळ निदान जमीन कसत तरी होतं.

ही व्यवस्था कशी बसली त्याची हकिकत स्मार्टफोनच्या बरीच आधी सुरू होते. गंमत म्हणजे फोनमध्ये आधीच टाकून आलेलं पहिलं लोकप्रिय सॉफ्टवेअर कुणालाच काढायचं नव्हतं. १९९७ साली नोकियाच्या ६११० या फोनवर सापाचा खेळ आला. पुढे आपल्याकडे नोकियाचाच ११०० हा फोन घराघरांत पोचला तेव्हा एसटीच्या प्रवासात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या हॉलमध्ये लोक तो साप वाढवत बसायचे. तो साप कुणाला काही विकत नव्हता, कुणाला काही कळवत नव्हता. फोनबरोबर येणं हा गुन्हा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

बिघाड संगणकावर सुरू झाला. मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर बांधून दिला म्हणून १९९८ साली अमेरिकी सरकारने कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. आधीपासून बसलेली वस्तू माणूस सहसा बदलत नाही, त्यामुळे स्पर्धक कितीही चांगला असला तरी दाराबाहेरच राहतो, हा त्या खटल्यातला मुद्दा पुढची पंचवीस वर्षं पुन्हा पुन्हा न्यायालयांसमोर येत राहिला. त्याच काळात संगणक बनवणाऱ्यांचा नफा घटत चालला होता. तो भरून काढायला त्यांनी डेस्कटॉपवरची जागा विकायला काढली. नवा लॅपटॉप उघडला की तीस दिवसांचा अँटीव्हायरस, महिनाभराचं ऑफिस आणि चार टूलबार स्वागताला हजर असत. २००८ साली सोनीने कमालच केली. हा सगळा पसारा काढून स्वच्छ लॅपटॉप हवा असेल तर वरती सुमारे ५० डॉलर मोजा, असा पर्याय ठेवला. गदारोळ झाल्यावर ती रक्कम लगोलग मागे घेतली. पण जागेलाही भाव असतो, हे त्या निमित्ताने छापील दरपत्रकावर आलं.

२०१५ च्या फेब्रुवारीत लेनोव्होचं सुपरफिश प्रकरण गाजलं. कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये आधीच टाकलेलं हे सॉफ्टवेअर वेबपानांत जाहिराती घुसवत असे. त्यासाठी त्याने संगणकात स्वतःचं एक सुरक्षा-प्रमाणपत्र रोवलं होतं, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपांत एकच होती. म्हणजे ती ज्याच्या हाती लागेल त्याला बँकेच्या साइटचं सोंग घेता आलं असतं. कंपनीने माफी मागितली आणि ते काढायचं साधन दिलं. नको असलेलं सॉफ्टवेअर नुसतं जागा अडवत नाही, कधी कधी मागचं दार उघडं टाकतं, हे तेव्हा कळलं.

संगणकावर मात्र एक सोय होती: कितीही कचरा असला तरी काढता यायचा. फोनने ती सोय काढून घेतली.

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. त्याची रचना समजली की राखाडी बटणाचं कोडं सुटतं. फोनच्या साठवणुकीचे कप्पे असतात. एका कप्प्यात मूळ प्रणाली राहते, आणि तो फक्त वाचायचा असतो, लिहायचा नाही. दुसऱ्या कप्प्यात तुमचे फोटो, तुमची अ‍ॅप्स, तुमचे संदेश. फोन ‘फॉरमॅट मारला’ की दुसरा कप्पा रिकामा होतो, पहिल्याला धक्का लागत नाही. हे डोकं लावूनच केलेलं आहे. व्हायरसला किंवा एखाद्या उत्साही भाच्याला मूळ प्रणाली खरवडता येऊ नये म्हणून. फोन लावायचं अ‍ॅप चुकून उडालं तर फोनचा नुसता डबा होईल.

गोम अशी की, या कुलूपबंद कप्प्यात काय ठेवायचं हे कारखान्यात ठरतं. तिथे डायलरच्या, म्हणजे फोन लावायच्या अ‍ॅपच्या शेजारी शॉपिंगचं अ‍ॅप ठेवलं की त्यालाही डायलरचंच संरक्षण मिळतं. कुलूप सुरक्षेसाठी बसवलं आणि त्याच्या आत दुकान थाटलं.

सुरुवातीला तर ‘बंद करा’ एवढंही नव्हतं. अमेरिकेत फोन मोबाइल कंपन्यांमार्फत विकले जात, आणि आपापली अ‍ॅप्स कोंबण्यात त्याच पुढे होत्या. २०१० मध्ये व्हेरायझनने विकलेल्या सॅमसंगच्या एका अँड्रॉइड फोनवर शोधासाठी गूगलऐवजी बिंग बसवलेलं होतं, तेही बदलता न येण्यासारखं. मूळ प्रणाली गूगलची, शोध मायक्रोसॉफ्टचा, आणि विकत घेणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही. २०११ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ४.० मध्ये ‘डिसेबल’ची सोय आली. अ‍ॅप दिसेनासं होतं, चालत नाही, पण कुलूपबंद कप्प्यात असतंच. त्यामुळे जागाही परत मिळत नाही, फार तर नंतरच्या अपडेट्सनी अडवलेली तेवढी मोकळी होते. २०१९ च्या जानेवारीत सॅमसंगच्या काही फोनांवरचं फेसबुक काढता येत नाही म्हणून बोभाटा झाला, तेव्हा फेसबुकचं म्हणणं होतं की बंद केलेलं अ‍ॅप काढल्यासारखंच वागतं, माहिती गोळा करत नाही. असेलही. पण घराच्या कोपऱ्यात बांधून ठेवलेल्या परक्या पेटीबद्दल ‘ती उघडत नाही’ एवढंच आश्वासन मिळालं तर पेटी बाहेर न्या असंच कुणीही म्हणेल.

या जागेची किंमत किती, याचा एक आकडा २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी न्यायालयाच्या निकालात आला. आपला शोध आधीपासून बसलेला असावा यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात फोन कंपन्या, ब्राउझरवाले आणि मोबाइल कंपन्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले होते. आत्याच्या कर्जाच्या अ‍ॅपने किती दिले असतील ते त्या मानाने चिल्लर, पण हिशोबाचं गणित तेच.

भारतात हे गणित २०१४ साली बसलं. त्या फेब्रुवारीत मोटोरोलाचा मोटो जी साडेबारा हजारांत आला, जवळजवळ मूळ अँड्रॉइड घेऊन. जुलैत शाओमीचा ‘मी ३’ हा फोन चौदा हजारांना, सप्टेंबरात रेडमी १एस सहा हजारांना. त्याच सप्टेंबरात गूगलने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या भारतीय कंपन्यांबरोबर दिल्लीत अँड्रॉइड वन सुरू केलं, साधारण साडेसहा हजारांत स्वच्छ फोन देण्याच्या इराद्याने. स्वच्छ आणि स्वस्त यांची ती सरळ लढत होती, आणि स्वस्त जिंकलं. ऑनलाइन सेलच्या दिवशी लोक घड्याळ लावून बसायचे, त्यात आपणही होतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये शाओमीचे प्रमुख लेई जून यांनी जाहीर केलं की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा कंपनी कधीही पाच टक्क्यांवर जाऊ देणार नाही. ऐकायला हे दानशूरपणाचं वाटतं. पण मग उरलेली कमाई कुठून, तर इंटरनेट सेवांतून. म्हणजे जाहिराती आणि अ‍ॅप्स. फाइल बघायला उघडावी तर तिथे जाहिरात, नवं अ‍ॅप टाकावं तर ‘तपासतोय’ म्हणत आणखी एक जाहिरात. यातल्या बऱ्याच जाहिराती सेटिंगमध्ये बंद करता येतात, पण त्या सेटिंगा शोधायला दुपार जाते.

फसवणूक म्हणावी तर किंमत खरोखरच कमी होती. म्हणूनच हा विषय अवघड आहे. दोन-तीन हजार रुपये वाचले ते कुठून वाचले हे बिलावर लिहिलेलं नव्हतं, एवढीच तक्रार.

अँड्रॉइड फोनांच्या पोटात काय काय असतं याची पाहणी स्पेनमधल्या आयएमडीईए नेटवर्क्स या संस्थेच्या पुढाकाराने काही संशोधकांनी केली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. १,७४२ फोन, दोनशेहून जास्त उत्पादक, ८२,५०१ आधीच टाकलेली अ‍ॅप्स. फोन कंपनी, चिप बनवणारी, मोबाइल सेवा देणारी, जाहिरातवाले यांच्यातले करार ग्राहकाला दिसतच नाहीत आणि कुणी काय टाकलं याची जबाबदारी कुणावरच राहत नाही, हे त्यातून समोर आलं. त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या ब्लू कंपनीच्या फोनांत अडअप्स नावाचं सॉफ्टवेअर सापडलं होतं, ते मालकाचे एसएमएस चीनमधल्या सर्व्हरकडे पाठवत होतं. काही फोनांत तर अ‍ॅप नसतंच, अ‍ॅप आणणारा दलाल असतो. तुम्ही झोपलेले असताना तो दोन नवी चिन्हं मांडून ठेवतो.

कायद्याने यात हात घातला तो आधी पूर्वेकडे. दक्षिण कोरियाने २०१४ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या की अत्यावश्यक नसलेली अ‍ॅप्स काढता आली पाहिजेत. २०१५ मध्ये शांघायच्या ग्राहक संघटनेने सॅमसंग आणि ओप्पोला न्यायालयात खेचलं. सॅमसंगच्या एका फोनवर ४४ आणि ओप्पोच्या एका फोनवर ७१ अ‍ॅप्स आधीच होती. चीनने पुढे जुलै २०१७ पासून त्यासाठी नियमही लागू केले. ज्या देशातल्या कंपन्यांचे बहुतेक अ‍ॅपभरले फोन आपल्याकडे विकले जातात, तिथल्या ग्राहकाला हे संरक्षण आपल्या आधी मिळालं, याला काय म्हणावं.

युरोपने जुलै २०१८ मध्ये गूगलला ४.३४ अब्ज युरोचा दंड ठोठावला. प्ले स्टोअर हवं असेल तर सर्च आणि क्रोमही बसवा, ही फोन कंपन्यांवरची अट त्यातला मोठा आरोप होता. आपल्या स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी जवळपास त्याच कारणांसाठी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि आदेशात एक ओळ घातली जी आत्याच्या थेट कामाची होती: आपली आधीच टाकलेली अ‍ॅप्स ग्राहकाला काढण्यापासून गूगलने रोखू नये. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण काही निर्देश रद्द केले. रद्द झालेल्यांत ही ओळ होती. युरोपात मात्र मार्च २०२४ पासून डिजिटल मार्केट्स कायद्याने मोठ्या कंपन्यांना असा काढण्याचा पर्याय देणं भाग पडलं. अ‍ॅपलने स्वतःची शेअर बाजार, होकायंत्र वगैरे अ‍ॅप्स हटवायची मुभा २०१६ मध्ये दिली होती. तोवर आयफोनवाले ती सगळी एका फोल्डरमध्ये कोंबून शेवटच्या पानावर टाकत असत.

मग आपलं सरकारही या रांगेत आलं. २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना सांगितलं की नव्या फोनांवर ९० दिवसांत संचार साथी अ‍ॅप आधीच टाकलेलं हवं, सहज दिसेल असं, आणि त्याची कार्यं बंद किंवा मर्यादित करता येऊ नयेत. चोरीचा फोन बंद करवणं, आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघणं, अशी कामं त्यावर होतात. अ‍ॅप उपयोगाचं आहे याबद्दल वाद नव्हता. वाद त्या शेवटच्या अटीवर पेटला. हेरगिरीची शंका विरोधकांनी संसदेत मांडली, मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी नको असेल तर काढून टाका असं सांगितलं, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. खासगी कंपन्यांची न निघणारी अ‍ॅप्स दहा वर्षं मुकाट सोसणारे लोक सरकारच्या एका अ‍ॅपवर चार दिवसांत उठले. सरकारचं म्हणून उठले, की न निघणारं म्हणून, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आत्याच्या फोनचं काय झालं? मी लॅपटॉप काढला. फोनच्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की तो तुम्हाला डेव्हलपर समजू लागतो, हा अँड्रॉइडमधला जुना खेळ आत्याला फार आवडला. मग केबल लावून एकेका अ‍ॅपच्या नावाने आज्ञा दिली. तिच्यात ‘युझर ०’ असं लिहावं लागतं. फोन स्वतःला अनेक जणांचं घर समजतो आणि पहिल्या माणसाला शून्य म्हणतो. अ‍ॅप कप्प्यातून जात नाही, फक्त शून्य नंबरच्या माणसापुरतं नाहीसं होतं. कुठलं नाव काढायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही हे आधी दोनदा तपासलं. चुकीचं काढलं तर फोन कधी कधी सुरूच होत नाही. अर्ध्या तासात नऊ चिन्हं गेली. आत्याने फोन उलटासुलटा करून पाहिला, जणू वजनही कमी झालं असावं.

संक्रांतीला तिचा फोन आला. चार्जिंग होत नव्हतं म्हणून फोन दुरुस्तीला दिला होता, त्याने फॉरमॅट मारून दिला. ‘अरे, ते कर्जवालं परत आलंय,’ ती म्हणाली. ‘येताना लॅपटॉप घेऊन ये.’