दुधीचा कच्चा रस व विषबाधा

दुधी भोपळ्याचा (कुल : कुकर्बिटेसी) कच्चा रस रिकाम्या पोटी पिण्याचा प्रघात पुण्यात सकाळी फिरायला जाणाऱ्यांमध्ये रुजला आहे. टेकड्यांच्या पायथ्याशी व बागांबाहेर कारले, आवळा, गव्हांकुर यांच्या रसांशेजारी तो मिळतो. मधुमेह, रक्तदाब व वजन यांसाठी घरोघरीही काढतात. गोड दुधीचा रस बहुधा बाधत नाही. कडू दुधीचा पेलाभर रसही जिवावर बेतू शकतो.

हा कडूपणा कुकर्बिटॅसिन नावाच्या ट्रायटर्पिनॉइड (वनस्पतींतील एका रासायनिक गटातील) संयुगांचा. कीड व जनावरांपासून वेलाचे रक्षण हे त्यांचे काम. रानटी प्रकारांत ती भरपूर असतात. भाजीच्या वाणांतून निवडीने जवळजवळ गेली आहेत. तरी मंडईतला एखादाच दुधी कडू का निघतो, यावर एकमत नाही. शेजारच्या कडू वेलाचा पराग लागला, असे शेतकरी सांगतात. परंतु फळाचा गर मातृवेलाचाच असतो. संकराचा परिणाम त्या फळातील बियांपासून उगवणाऱ्या पुढच्या वेलावर दिसावा, हे अधिक सयुक्तिक वाटते. घरचे बी धरणाऱ्यांनी म्हणून विशेष जपावे. उन्हाचा व पाण्याचा ताण हेही कारण दिले जाते आणि त्याचा वाटा असावा.

कडू तुंबीचा, म्हणजे कडू दुधीचा, हा गुण जुन्या वैद्यांना ठाऊक होता. चरकसंहितेच्या कल्पस्थानात ‘इक्ष्वाकु’ या नावाने तिच्यावर स्वतंत्र अध्याय असून तेथे ती वमनद्रव्य आहे, म्हणजे उलटी करवण्यासाठी. कल्पस्थान हा विभाग दृढबल या नंतरच्या वैद्याने पूर्ण केलेल्या भागात मोडतो. दृढबलाचा काळ सामान्यतः इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक धरतात. ‘कडू तितके औषधी’ या समजुतीला या अध्यायाचा आधार घेणे चुकीचे आहे. तेथे वैद्याच्या देखरेखीखालील शोधनक्रिया (शरीरशुद्धीचा उपचार) सांगितली आहे, रोजचे पेय नव्हे.

पोटात कळ, उलट्या व जुलाब ही लक्षणे लवकर दिसतात. पुढे रक्ताची उलटी होते, रक्तदाब एकदम खाली येतो. उतारा उपलब्ध नाही. शिरेवाटे द्रव देऊन रक्तदाब सावरणे व जठराचे रक्षण करणे एवढेच हाती असते, त्यामुळे रुग्णालय गाठण्यात वेळ दवडू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने अशा रुग्णांचा अभ्यास करून कडू रस पिऊ नये असे स्पष्ट सांगितले; तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यातही २०१८ मध्ये एका महिलेचा दुधीच्या रसानंतर मृत्यू झाला.

कडू दुधी बाहेरून ओळखू येत नाही आणि शिजवल्याने निर्धोक होत नाही. देठाकडची पातळ चकती कापून जिभेच्या टोकाला लावायची. कडू लागली तर थुंकून चूळ भरायची आणि अख्खा दुधी फेकायचा. भाजीसाठी किंवा हलव्यासाठी चिरताना अनेक घरांत हे आपोआप होते. रसाच्या वेळी मात्र आले, पुदिना, आवळा आधीच मिक्सरच्या भांड्यात पडलेले असतात आणि त्यांच्या चवीखाली कडूपणा झाकला जातो.