उंदीर न पडणारा आजार : हंताविषाणूच्या यजमानाचा शोध

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांमधून 'उंदीर पडला' हे शब्द अजून विरलेले नाहीत. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग लवकरच कृष्णाकाठी आला. घरात मेलेला उंदीर दिसला की गावेच्या गावे दारे ओढून माळावर झोपड्या घालून राहू लागली. आधी उंदीर मरतो, मग माणूस, हा धडा तेव्हा पक्का झाला. उंदरांकडून माणसाला होणाऱ्या हंताविषाणूच्या आजाराला तो लागू पडत नाही. इथे उंदीर मरत नाही, आजारीही दिसत नाही. एकदा संसर्ग झाला की लघवी, लेंड्या आणि लाळेतून तो दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, विषाणू सांडत राहतो. ते वाळते, धुळीत मिसळते आणि झाडू मारताना श्वासावाटे माणसात जाते. मध्ये पिसू नाही, डास नाही. गावाला सावध करणारी खूणच नसल्याने हा उंदीर हुडकायला काही दशके लागली.

मार्च २०२० मध्ये चीनमध्ये बसने प्रवास करणाऱ्या एका माणसाचा मृत्यू झाला आणि त्याची हंता चाचणी पॉझिटिव्ह आली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत ही बातमी आपल्याकडच्या व्हॉट्सॲपवर 'नवा विषाणू, वाहक उंदीर' अशी फिरली. विषाणू नवा नव्हता, हे तेव्हाच अनेकांनी सांगितले. 'वाहक' या शब्दाकडे मात्र कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. माझ्या मते मराठीत या विषयाचा खरा गुंता तिथेच आहे.

वाहक म्हणजे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणारा किडा, आणि यजमान म्हणजे ज्याच्या शरीरात जंतू राहतो तो प्राणी. प्लेगमध्ये वाहक असते ती पिसू. उंदीर वाहक नव्हे, यजमान. हंतामध्ये तर वाहकच नाही, तरी बातम्यांमध्ये उंदराला सर्रास तेच नाव मिळते. 'यजमान' हा पाठ्यपुस्तकातला शब्द जास्त जवळचा आहे, पण तोही पुरत नाही, कारण यजमान दोन तऱ्हेचे असतात. एकाच्या घरी विषाणू कायमचा नांदतो आणि त्याच जातीत एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो. दुसरा वाटेत सापडलेला असतो : शेजारच्या बिळातल्या दुसऱ्या जातीच्या उंदराशी भांडण झाले, चावा बसला, रक्तात प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी प्रथिने) तयार झाली आणि साखळी तिथेच तुटली. रक्त तपासले तर दोघेही पॉझिटिव्ह. पहिल्याला मी 'मूळ यजमान' म्हणतो, दुसऱ्याला 'उपरा'. माणूस बहुतेक वेळा उपराच असतो. नुसत्या प्रतिपिंडांवरून 'यजमान सापडला' असे जाहीर करणे म्हणजे या दोघांना एका पारड्यात टाकणे. मूळ यजमान ठरवायचा तर एकाच जातीत, वेगवेगळ्या ठिकाणी, पुन्हा पुन्हा विषाणू मिळाला पाहिजे, आणि त्याची जनुके रुग्णाकडच्या विषाणूशी जुळली पाहिजेत.

पहिल्या शोधात हे काहीच हाताशी नव्हते. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून मांचुरियात (चीनच्या ईशान्य भागात) जपानी लष्कराच्या संशोधकांनी उंदरांच्या अंगावरच्या माइट किड्यांवर संशय धरला. तो संशय चुकीचा होता आणि त्या काळात त्यांनी माणसांवर केलेले प्रयोग अमानुष होते. कोरियाच्या युद्धात १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या ३,००० हून अधिक सैनिकांना रक्तस्राव आणि मूत्रपिंडे निकामी करणारा हा ताप आला, तरी विषाणू हाती लागला नाही. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना रुग्णांचे रक्त टोचले तरी ते आजारी पडत नव्हते. १९७६ मध्ये कोरियन संशोधकांनी प्रश्न उलटा केला. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात या आजाराची प्रतिपिंडे असणारच. ती शेतात पकडलेल्या उंदरांच्या अवयवांच्या पातळ कापांवर टाकायची, ती विषाणूला चिकटली की चमकेल असा रंग लावायचा, आणि कुठे चमक दिसते ते पाहायचे. चमक दिसली ती पाठीवर काळा पट्टा असलेल्या शेतउंदराच्या फुप्फुसात. आजार मूत्रपिंडाचा आणि खूण फुप्फुसात! विषाणूला नाव मिळाले ते तिथल्या हंतान नदीचे.

त्यानंतरची दारे भराभर उघडली. १९८०च्या सुमारास फिनलंडमध्ये तिथल्या आखूड शेपटीच्या रानउंदरात पुमाला हा दुसरा हंताविषाणू सापडला. सेऊल शहरात शेताशी संबंध नसलेले रुग्ण निघाले आणि गटारातल्या मोठ्या तपकिरी उंदरात सेऊल हा आणखी एक हंताविषाणू मिळाला. जहाजांबरोबर हा उंदीर जगभर पसरलेला असल्याने बंदराबंदरांत तपासण्या झाल्या.

१९९३ हे वर्ष मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण यजमान ठरवायची पद्धत तिथे पूर्णपणे वापरली गेली. अमेरिकेच्या नैऋत्य भागात, नवाहो या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशात धडधाकट तरुण माणसे काही दिवसांत श्वास कोंडून दगावू लागली. जनुकचाचणीने काही आठवड्यांत हंताविषाणू ओळखला. जून ते ऑगस्ट मध्यापर्यंत सुमारे १,७०० उंदीर पकडले गेले, रुग्णांच्या घरांभोवतीचे आणि तुलनेसाठी इतर घरांभोवतीचेही. पांढऱ्या पोटाच्या 'डिअर माउस' जातीत जवळपास ३० टक्के बाधित निघाले, आणि रुग्णाच्या व त्याच्याच घराजवळच्या उंदराच्या विषाणूची जनुके जुळली. जागेवरून नाव द्यायला स्थानिकांनी हरकत घेतली, आणि ती रास्तच होती. अखेर स्पॅनिशमध्ये 'सिन नोम्ब्रे', म्हणजे 'बिननावाचा', असे नाव पडले. जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून १९५९चाही एक रुग्ण पुढे निघाला.

याच सुमाराचा एक निर्णय मात्र मला कधी पटला नाही. वेगळा हंताविषाणू मानायचा तर त्याचा मूळ यजमानही वेगळा हवा, अशी अट वर्गीकरणात घातली गेली. म्हणजे यजमानावरून विषाणू ओळखायचा आणि विषाणूवरून यजमान! युरोपात हे अंगाशी आले. डोब्रावा हा हंताविषाणू पिवळ्या मानेच्या उंदरात सापडला होता. त्यात मृत्यूचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास जाते. पुढे एस्टोनियात त्याचा जवळचा भाऊ काळ्या पट्ट्याच्या शेतउंदरात मिळाला, आणि त्याचा आजार सौम्य. यजमान वेगळा म्हणून एका गटाने त्याला 'सारेमा' हा स्वतंत्र विषाणू ठरवले. जनुकांत एवढे अंतर नाही, असे दुसऱ्याचे म्हणणे. वाद बरीच वर्षे चालला आणि २०१३ मध्ये एकाच विषाणूचे चार जनुकप्रकार अशी मांडणी पुढे आली. अटीची बाजू अगदीच लंगडी नव्हती, कारण यजमान बदलला की आजाराचा जोरही बदलतो, हे तिच्यामुळेच नजरेत आले. पण हाच काळ्या पट्ट्याचा शेतउंदीर कोरियात जीवघेणा हंतान विषाणू बाळगतो आणि युरोपात सौम्य प्रकार. जात तीच, पाहुणा वेगळा.

आपल्याकडचा धागा याहून जुना आहे. १९६४ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोर इथे, जपानी मेंदूज्वराच्या अभ्यासात पकडलेल्या एका प्राण्यात तोट्टपालयम विषाणू मिळाला. तो हंताविषाणू आहे हे १९८०च्या दशकात कळले. म्हणजे कोरियातल्या शोधाच्या आधीच एक हंताविषाणू भारतात कुपीत बंद होता. तो प्राणी होता चिचुंद्री. लांब सोंड, बारीक डोळे, कस्तुरीसारखा उग्र वास. ती झुरळे-किडे खाते आणि कृंतकांत, म्हणजे उंदीर-घुशींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत, मोडत नाही. तिचा विषाणू माणसाला आजारी करतो, असे सिद्ध झालेले नाही. कराड-वाळव्याकडच्या घरांत मात्र पिंजऱ्यात चिचुंद्री सापडो की घरउंदीर, नोंद एकच होते : उंदीर.

ऊसपट्ट्यातल्या बांधावर घूस आहे, काळा शेतउंदीर आहे, मऊ केसांचा उंदीर आहे. थायलंडमध्ये मोठ्या घुशीत हंताविषाणू सापडला आहे, आणि त्याच जातीची घूस आपल्याकडेही आहे. तेवढ्यावरून आपल्या घुशीला दोषी धरणे म्हणजे युरोपातला शेतउंदीर पाहून कोरियातल्या आजाराची भीती घालणे. वेल्लोरकडे माणसांच्या रक्तात हंताविरोधी प्रतिपिंडे आढळली आहेत. पण ती कोणत्या प्राण्याकडून आली हे प्रतिपिंडे सांगत नाहीत. त्यासाठी ताप आलेल्या तोडणी मजुराचे रक्त आणि त्याच्या खोपीतल्या पाचटाखाली पकडलेल्या जनावराचे फुप्फुस एकाच टेबलावर यावे लागते, आणि त्या जनावराच्या चिठ्ठीवर 'उंदीर' याऐवजी त्याची नेमकी जात लिहिलेली असावी लागते.